घरचा संगणक, कुणाच्या घरचा?

१९८६च्या सुमारास पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने एक काळा, फूटभर लांबीचा संगणक बाजारात आणला. नाव डीबी स्पेक्ट्रम प्लस. मूळ रचना इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीची. पहिला स्पेक्ट्रम एप्रिल १९८२मध्ये जाहीर झाला, त्याची सुधारलेली प्लस आवृत्ती ऑक्टोबर १९८४मध्ये आली, आणि परवाना घेऊन पुण्यात बनलेलं यंत्र या दुसऱ्या पिढीचं. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, तो घरातल्या टीव्हीला जोडायचा. डिस्क नव्हती, प्रोग्रॅम गाण्यांच्या साध्या कॅसेटवरून टेपरेकॉर्डरने भरायचा. स्मृती ४८ किलोबाइट, म्हणजे आज मोबाइलवर येणाऱ्या एका फोटोलाही अपुरी. असे काही हजार संगणक विकले गेले आणि १९९०च्या आसपास ही बाजारपेठ संपली. जुने घरगुती संगणक जमवणाऱ्यांच्या लेखी आज हे पुणेरी यंत्र मोठं मोलाचं आहे, कारण जगभर विखुरलेल्या स्पेक्ट्रमच्या गोतावळ्यात ते आपल्या मातीतलं.

जमवणाऱ्यांची ही ओढ कशाची आहे ते नीट पाहायला हवं, कारण तिला नुसतं बालपणाचं वेड म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे. स्पेक्ट्रम चालू केला की क्षणात पडद्यावर कंपनीच्या नावाची एक ओळ येई आणि यंत्र हुकमाची वाट पाहत थांबे. मध्ये कुठली खिडकी नाही, परवानगी नाही, जाहिरात नाही. पी ही कळ दाबली की प्रिंट हा अख्खा शब्द उमटे, कारण बेसिक भाषेचे शब्दच कळांवर छापलेले होते. कॅसेट लावली की टीव्हीच्या कडेला रंगीत पट्टे नाचत, स्पीकरमधून किंचाळल्यासारखा आवाज येई आणि पाचेक मिनिटांनी खेळ सुरू होई, नाहीतर चूक दाखवून सगळं पहिल्यापासून. आठ ठिपके रुंद आणि आठ उंच अशा प्रत्येक चौकटीत दोनच रंग बसत, म्हणून खेळातला माणूस झाडासमोरून गेला की त्याच्या अंगाला झाडाचा रंग लागे. आणि या यंत्राची कायमची आज्ञावली फक्त १६ किलोबाइटची होती. १९८३मध्ये दोन लेखकांनी ती ओळीन् ओळ उलगडून एका पुस्तकात छापली. शाळकरी पोराला चिकाटी असेल तर आपल्या संगणकात काय चाललं आहे ते तळापर्यंत समजून घेता येत होतं. आज घरात असलेल्या कुठल्याही संगणकाबद्दल असं म्हणता येणार नाही. जमवणारा माणूस खरा हळहळतो तो या समजण्यासाठी, आणि ती हळहळ रास्त आहे.

तरी एक प्रश्न उरतोच. ओढ ज्याने वापरलं त्याला लागते. मग ज्या घरांत हे यंत्र कधी आलंच नाही, त्यांचं काय? अक्कलकुवा डोळ्यांपुढे आणा. सातपुड्याच्या पायथ्याशी, गुजरातच्या हद्दीला लागून, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव १९८६मध्ये धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ला. स्पेक्ट्रमला वीज हवी, टीव्ही हवा, टेपरेकॉर्डर हवा आणि इंग्रजी पुस्तिका वाचून दाखवणारं घरात कुणीतरी हवं. याच तालुक्यातल्या मोलगीकडच्या डोंगरांतल्या कितीतरी पाड्यांवर यातली पहिली गोष्टच पुढे अनेक वर्षं पोचली नाही. १९८४-८५मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' योजना काढली आणि एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो संगणक दिले, पण पहिल्या टप्प्यात अख्ख्या देशात शाळा होत्या सुमारे २५०. म्हणजे संग्रह आठवणीच्या मागे गेला, तर संगणकाच्या इतिहासात अक्कलकुवा कुठेच दिसणार नाही. पुणे, मुंबई, नाशिकची काही सुखवस्तू घरं दिसतील आणि पुढच्या पिढीला वाटेल की महाराष्ट्रात संगणक आला तो असाच, दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या टेबलावर. माझं म्हणणं एवढंच, की या छंदाला चालवायला आठवण चांगली आहे, पण काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवायचं काम तिच्यावर सोपवू नये.

हे गरीब-श्रीमंत किंवा शहर-खेडं एवढ्यापुरतं नाही. आपली भाषासुद्धा याच चाळणीतून गळते. स्पेक्ट्रममध्ये स्वतःची अक्षरं काढून ठेवायची सोय होती, पण जागा फक्त २१, आणि प्रत्येक अक्षर त्याच आठ बाय आठच्या चौकटीत. मराठीची नुसती व्यंजनंच २१पेक्षा जास्त. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, आणि मग जोडाक्षरं. आठ ठिपक्यांच्या उंचीत शिरोरेघ आणि तिच्या वरखालचं सगळं मांडायचं म्हणजे अक्षराला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. जे यंत्र मुलाला तळापर्यंत समजू शकत होतं, ते त्याची भाषा लिहू शकत नव्हतं. हा प्रश्न सुटला तो वेगळ्या वाटेने. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं जिस्ट या भारतीय लिप्यांच्या तंत्रज्ञानाचं काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेत आलं आणि पीसीच्या खाचेत बसवायचं जिस्ट कार्ड तयार झालं. त्या कार्डामुळे डॉसवर देवनागरी उमटू लागली. सगळ्या भारतीय लिप्यांना एकच कळफलक चालावा म्हणून इनस्क्रिप्ट आखला गेला, आणि मराठी टंकनासाठी तो आजही वापरात आहे. अक्षरांना क्रमांक देणारं इस्की हे मानक १९९१मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झालं. युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी या इस्कीच्याच १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. हा मजकूर ज्या क्रमांकांनी साठवला जातो त्यांचं मूळ तिथे आहे. पण जिस्ट कार्डावर कुणी अंतराळयान उडवलं नाही, त्यामुळे त्याची स्वप्नं कुणाला पडत नाहीत. इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी स्पेक्ट्रमचे अगदी सुमार खेळसुद्धा शोधून जपले आहेत. श्री-लिपी आणि तिच्यासारख्या फॉन्टांत टंकलेल्या आपल्या हजारो मराठी फायली मात्र तो फॉन्ट नसेल तर नुसता रोमन अक्षरांचा कचरा दाखवतात. लेखकांची हस्तलिखितं, छोट्या छापखान्यांची कामं, तालुका पातळीवरच्या साप्ताहिकांचे अंक त्यांत आहेत.

आठवणीतून सुरू झालेला संग्रह तिच्या पलीकडे कसा जातो, याचं उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. दिनकर केळकरांनी आपल्या संग्रहालयाला अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. दुःख अगदी घरातलं होतं, पण त्यांनी जमवलं काय, तर अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, स्वयंपाकघरातली भांडी. देशभरच्या अनोळखी माणसांच्या हातांत झिजलेल्या वस्तू. वीस हजारांवर पोचलेल्या त्या संग्रहात संग्राहकाच्या स्वतःच्या बालपणापेक्षा लोकांचं रोजचं जगणं जास्त आहे. जुन्या संगणकांच्या संग्राहकांकडून मला हीच अपेक्षा आहे. स्पेक्ट्रम ठेवा, जरूर ठेवा, पण त्याच्या शेजारी तहसील कचेरीतला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ठेवा, एसटीडी बूथमधलं बिल काढणारं यंत्र ठेवा, एमएस-सीआयटीच्या वर्गातला धुळीने पिवळा पडलेला पीसी ठेवा. एमकेसीएलची, म्हणजे महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची, स्थापना २००१ची. तिच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमामुळे महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांत हजारो मुलामुलींनी पहिल्यांदा माउस हातात धरला. त्यांच्यासाठी 'पहिला संगणक' म्हणजे दहा जणांत वाटून घेतलेला, तासावर मोजलेला संगणक. घरचा संगणक हा शब्दच त्यांच्या अनुभवाला लागू होत नाही.

यावर कुणी म्हणेल, आज इम्युलेटर आहेत, जुना संगणक जसाच्या तसा मोबाइलवर चालतो, मग लोखंड-प्लास्टिक कशाला साठवायचं? पण इम्युलेटर लिहायला आधी एक चालू नग लागतो, त्याची चिप वाचावी लागते, त्याची कॅसेट ऐकावी लागते. हे झालं नसेल तर मोबाइलवर चालवायला काही नसतं. आणि वेळ थोडा आहे. स्पेक्ट्रमच्या कळांखालचा पातळ पडदा वाळून तडकतो. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यातला एक कपॅसिटर जुना झाला की भेगाळतो आणि एक दिवस धूर सोडतो. नव्वदीच्या पीसींमधल्या बॅटऱ्या पाझरून बोर्डावरची तांब्याची वाट खाऊन टाकतात. आपल्या पावसाळ्यात कॅसेट आणि फ्लॉपीवर बुरशी चढते, ती वेगळीच. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अक्कलकुव्यासारख्या ज्या तालुक्यातून माणसं ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात, जिथे कुपोषणाची चर्चा दरवर्षी होते, तिथल्या जुन्या संगणकांची काळजी करणं हा चोचला नाही का? सरकारी पैसा यासाठी मागितला तर तो आक्षेप मला मान्य होईल. पण कुणाकडे कोणतं यंत्र कधी पोचलं आणि कुणाकडे पोचलं नाही, ही त्या विषमतेचीच नोंद आहे. ती पुसली तर उद्या विषमता होती हे सिद्ध करणंही अवघड जाईल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. नुसत्या कर्तव्यबुद्धीने रात्री दोनपर्यंत सोल्डरिंग आयर्न धरून कुणी बसत नाही. त्याला बसवते ती ओढच. कबूल. म्हणूनच ओढ सोडा असं मी म्हणत नाही. तिने शिकवलेलं कौशल्य एक पाऊल पुढे न्या, एवढंच. ज्याला १९८६ची किरकिरी कॅसेट वाचता येते, त्याला १९९३ची मराठी फ्लॉपीही वाचता येईल. ग्रीसवीझलसारख्या छोट्या सर्किटाने फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल थेट टिपता येतात. हे करणारी माणसं आहेत, आणि ती आज खेळांच्या मागे आहेत.

घरचा संगणक आणि अक्कलकुवा या दोन जगांमधला धागा दिसतो त्याहून जवळचा आहे. बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्नच्याच अभियंत्यांनी एआरएम प्रोसेसर आखला. १९८५मध्ये तयार झालेली त्याची पहिली चिप चालवून पाहिली ती बीबीसी मायक्रोलाच जोडून. आज अक्कलकुव्याच्या बाजारात भाजीवाल्यापासून जीपवाल्यापर्यंत ज्याच्या त्याच्या खिशात जो मोबाइल आहे, त्याच्या पोटात त्याच घराण्याची रचना आहे. पहिल्या पिढीचं यंत्र इथे आलं नाही, पण नातवंडं घरोघरी आहेत.

आणि एका बाबतीत हा जिल्हा सगळ्यांच्या पुढे होता. २९ सप्टेंबर २०१० रोजी आधारचे देशातले पहिले क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. नोंदणीचे लॅपटॉप, बोटांचे ठसे घेणारी पेटी, बुबुळं टिपणारा कॅमेरा हीच इथल्या कितीतरी माणसांची संगणकाशी पहिली समोरासमोर भेट. त्यालाही पंधरा वर्षं उलटली. तशा संचातली यंत्रं ज्यांच्याकडे पडून असतील, त्यांनी त्यांतली लोकांची माहिती नियमाप्रमाणे कायमची पुसून घ्यावी, पण यंत्र भंगारात घालू नये. आणि ज्यांच्या माळ्यावर एमएस-सीआयटीच्या काळातला पीसी, मराठी फॉन्टांच्या फ्लॉप्या किंवा पुण्याचा काळा स्पेक्ट्रम असेल, त्यांनी त्याला एक चिठ्ठी बांधून ठेवावी: कोणत्या गावात, कोणी, कशासाठी वापरलं.