रेघ मारण्याआधी विचारलं तर

टेबलावर अख्ख्या खोऱ्याचा नकाशा आणि हातात कागदाचे चौकोनी तुकडे. एक तुकडा म्हणजे नव्याने येणाऱ्या ठरावीक लोकांना लागणारी जमीन. अमेरिकेतल्या युटा राज्यात १९९८ साली भरलेल्या सभांमध्ये बिल्डर, महापौर, पर्यावरणवाले आणि साधे रहिवासी अशा टेबलांभोवती बसले होते. वाढणारे दहा लाख लोक ठेवायचे कुठे, एवढाच प्रश्न.

सुरुवातीला तुकडे ऐसपैस पसरले. पण पूर्वेला वासाच पर्वतरांग, पश्चिमेला खारट सरोवर. मधली पट्टी चिंचोळी. शेतं गेली, डोंगरउतार गेले, तरी तुकडे उरलेच. मग लोक ते एकावर एक रचू लागले. वस्ती दाट केली नाही तर जागा पुरणार नाही आणि दाट वस्तीत प्रत्येकाची मोटार मावणार नाही, हे कुणा तज्ज्ञाने सांगावं लागलं नाही.

१९९७ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाचं नाव ‘एन्व्हिजन युटा’. सभांमधल्या नकाशांवरून चार चित्रं तयार झाली. पहिल्यात मोटारींवर विसंबलेली पसरट वाढ होती, चौथ्यात सर्वांत दाट वस्ती. पहिल्याला नवी ४०९ चौरस मैल जमीन लागणार होती, तिसऱ्याला १२६. १९९९ मध्ये वर्तमानपत्रांसोबत प्रश्नावल्या घरोघरी गेल्या, सतरा हजारांहून अधिक उत्तरं आली आणि तिसऱ्या चित्राने बाजी मारली. तेही युटासारख्या पक्क्या पुराणमतवादी राज्यात, जिथे सरकारने जमिनीत नाक खुपसलेलं कुणाला खपत नाही!

लोकांना आधी विचारण्याचं हे शहाणपण अमेरिकेला ठेच लागून आलं. १९५० आणि ६० च्या दशकांत महामार्ग जुन्या, बहुतेकदा गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्या चिरत गेले. लोक रस्त्यावर उतरले. बॉस्टन, पोर्टलंडमध्ये आखलेले महामार्ग रद्द करावे लागले. १९९१ च्या केंद्रीय कायद्याने वाहतूक आराखड्यांत लोकांना सहभागी करून घेणं बंधनकारक केलं. कागदोपत्री सुनावणी उरकणारे तिथेही आहेत, हा भाग वेगळा.

युटात फरक मतपेटीत दिसला. सॉल्ट लेक परगण्याच्या मतदारांनी १९९२ मध्ये सार्वजनिक वाहतुकीसाठीची करवाढ फेटाळली होती. २००० मध्ये तशाच करवाढीला त्यांनी होकार दिला. सगळं श्रेय नकाशावरच्या तुकड्यांना देता येणार नाही. १९९९ च्या डिसेंबरात ‘ट्रॅक्स’ ही हलकी रेल्वे सुरू झाली होती आणि लोक तिच्यात बसून आले होते. शिवाय २००२ चं हिवाळी ऑलिंपिक तोंडावर होतं. एन्व्हिजन युटाच्या हाती कायद्याचा अधिकारही नव्हता. जमिनीचे नियम गावोगावच्या नगरपालिकाच ठरवत राहिल्या. काहींनी ते बदलले, काहींनी ढिम्म राहणं पसंत केलं.

आपल्याकडे गाडं उलटं चालतं. आधी नकाशा छापून येतो, मग हरकती-सूचना मागवल्या जातात. पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ८७ हजारांच्या वर हरकती आल्या. आकडा लोकसहभागाचा म्हणून मिरवावा असा. पण हरकत घेणारा माणूस बहुधा आपल्या घरावरून, दुकानावरून गेलेली रेघ पुसून मागतो. शहराने बसवर भर द्यावा की उड्डाणपुलांवर, हे त्या अर्जात लिहायला जागा नसते, आणि नकाशा छापून झाल्यावर त्याचा उपयोगही फारसा नसतो.

त्याच पुण्यात आधी विचारण्याची एक सोयही आहे. २००६ पासून महापालिका पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरायचा: इथे पदपथ हवा, तिथे बसथांबा. एका कामाची मर्यादा मात्र पाच लाखांच्या आसपास. कोट्यवधींचा रस्ता कुठून जावा, हा प्रश्न त्या अर्जात बसत नाही.