गच्चीतला पंखा आणि आजीचा मोबाईल

शुक्रवारी रात्री साडेदहाला दादाचा फोन. "अगं, असशील तिथून निघ. फिरतंय! सॉलिड फिरतंय!"

शुक्रवारी रात्री सगळं जग हिंजवडीतून बाहेर पडत असतं. त्या वेळी आत शिरणारे दोनच प्रकारचे लोक, नाइट शिफ्टवाले आणि माझ्यासारखे येडे. वाकडहून निघून, शिवाजी चौकाचं नेहमीचं पुण्य पदरात पाडून मी दादाच्या बारा मजली बिल्डिंगच्या गच्चीत पोचले, तर खरंच फिरत होतं. जीआय पाइपच्या टोकाला तीन पांढरी पाती, मागे पत्र्याची शेपटी, खाली बॅटरी. दादा पाणीपुरीच्या गाडीसमोर उभ्या असलेल्या माणसासारखा खूष. आम्ही फोटो काढले, फॅमिली ग्रुपवर टाकले, मामाने तीन अंगठे पाठवले.

तेवढ्यात वॉचमनकाका वर आले. जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, वारा तर नाहीच. मग हे फिरतंय कशानं?"

आम्ही दोरीवर वाळत घातलेल्या कुणाच्या तरी चादरीकडे पाहिलं. चादर ढिम्म. प्रकार असा होता की पठ्ठ्याने डायोड लावलाच नव्हता. त्यामुळे पवनचक्की बॅटरी चार्ज करत नव्हती, बॅटरीच पवनचक्कीला फिरवत होती. आम्ही तासभर एका टेबलफॅनचं कौतुक करत होतो.

हा दादा माझा मामेभाऊ. फेज टूमध्ये एम्बेडेड सॉफ्टवेअर लिहितो. डायोड विसरला हे ऑफिसात कळू नये, अशी त्याची विनंती आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

आता मुळात हा उद्योग कशासाठी? हौस होतीच. पण खरं कारण आमची आजी. मुळशीच्या पश्चिमेला, ताम्हिणीच्या अलीकडे डोंगराच्या सोंडेवर एक छोटी वाडी आहे, तिथे ती राहते. "तुमच्या त्या डब्यात मला कोंडू नका," हे तिचं आपल्या टू बीएचकेबद्दलचं मत. तिकडे पावसाळ्यात झाड तारांवर पडलं की वीज जाते, ती कधीकधी तीन-तीन दिवस येत नाही. मागच्या वर्षी जुलैत ती अंगणात घसरून पडली. मनगट मोडलं. मोबाईल आदल्या दिवसापासून डेड. आम्हाला कळलं तिसऱ्या दिवशी, तेही दूधवाल्याकडून. त्या दोन रात्री तिने मनगटाला पदर बांधून काढल्या. त्यानंतर दादाला शांत झोप म्हणून लागली नाही.

पहिला विचार अर्थातच सोलरचा. तसं पाहिलं तर वर्षाचे आठ महिने सोलरला तोड नाही. पण आजीला वीज लागते ती नेमकी जुलैत, जेव्हा आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि वारा मात्र कौलं उडवतो. मग वाराच का नको?

पाइपातून पाती

घरगुती पवनचक्कीचा फंडा ऐकायला एकदम सोपा आहे. मोटारला वीज दिली की ती फिरते. तीच मोटार, आत कायमचे चुंबक असतील तर, बाहेरून फिरवली की वीज देते. दादाला ती मिळाली बंद पडलेल्या एका जिमच्या ट्रेडमिलमधून. त्याआधी दोन रविवार जुन्या बाजारात गेले. (कुदळवाडीतली भंगाराची गोदामं असती तर एका फेरीत काम झालं असतं, पण २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथे मोठी पाडापाडी केली.) मोटारवर लिहिलं होतं १८० व्होल्ट, ४००० फेरे. म्हणजे बारा व्होल्टची बॅटरी चार्ज व्हायला मिनिटाला साधारण ३०० फेरे हवेत. गाडीचा ऑल्टरनेटर का नाही, असं मीही विचारलं. तो नीट चालायला याच्या कितीतरी पट वेग मागतो आणि वर स्वतःच वीज खातो.

पाती मात्र चक्क सांडपाण्याच्या सहा इंची पीव्हीसी पाइपची. साठ सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा, उभा चिरून चार भाग करायचे, त्यातले तीन वापरायचे. पाइपची गोलाई आयती मिळते, तोच पात्याचा बाक. मग बुंध्याशी रुंद, टोकाला निमुळतं असं कापायचं, वारा कापणारी कड गोल करायची आणि मागची कड धारदार. पॉलिश पेपर मारून मारून माझी नखं गेली. मॅनिक्युअरचे पैसे दादाकडून अजून यायचेत.

तिन्ही पात्यांचं वजन सारखं असणं फार महत्त्वाचं. आम्ही किचनमधल्या वजनकाट्यावर मोजली. फरक निघाला अकरा ग्रॅमचा. "अकरा ग्रॅमने काय होतंय?" मी म्हटलं. पहिल्याच झुळकीत अख्खा पाइप असा थरथरायला लागला, की मी पुन्हा कधी तसं म्हटलं नाही.

हे पाइपचं डोकं काही आमचं नाही. आफ्रिकेतल्या मलावीत विल्यम कामक्वाम्बा नावाच्या मुलाला २००१-०२च्या दुष्काळात फी भरता आली नाही म्हणून शाळा सोडावी लागली. त्याने गावच्या वाचनालयातल्या पुस्तकात पवनचक्कीचं चित्र पाहिलं आणि ट्रॅक्टरचा पंखा, सायकलचा डायनामो, पीव्हीसीचा पाइप तापवून सपाट केलेली पाती, असं भंगार जोडून घरात दिवा लावला. पुढे २००९मध्ये पुस्तक आलं, २०१९मध्ये सिनेमा. दादाने तो पाहिलाय, मोजून चार वेळा.

वाऱ्याचा हिशेब

डायोड लावल्यावर आमची पवनचक्की हिंजवडीच्या गच्चीत सहा आठवडे उभी होती. नोव्हेंबर-डिसेंबर. या सहा आठवड्यांत तिने जेवढी वीज दिली, तिच्यात माझा लॅपटॉप एक सिनेमाभरही चालला नसता.

कारण साधं गणित आहे आणि ते विकणारे लोक सहसा सांगत नाहीत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. आमच्या चक्कीचा व्यास एक मीटर वीस. सेकंदाला सहा मीटरचा वारा असेल, तर त्या वर्तुळातून साधारण १३० वॉट जातात. तेच तीन मीटरला जेमतेम १७. त्यातलेही सगळे हाती लागत नाहीत. कितीही भारी चक्की असली तरी ५९ टक्क्यांच्या वर काढताच येत नाही, हे जर्मनीच्या आल्बर्ट बेट्झने १९१९-२०च्या सुमारासच दाखवून ठेवलंय. आमच्यासारख्या पाइपवाल्यांना पाव हिस्सा मिळाला तरी पेढे वाटावेत. शिवाय तीन मीटरच्या वाऱ्यात ते ३०० फेरे होतच नाहीत, म्हणजे चार्जिंग शून्य. पाती मात्र फिरत राहतात, लोकांना वाटतं काम जोरात चाललंय. (काही ऑफिसं आठवली.)

त्यात हिंजवडीची गच्ची. उंच आहे म्हणून वारा मिळेल, हा आपला गैरसमज. आजूबाजूला टॉवरच टॉवर, त्यांच्या कडांवर आपटून वारा भोवऱ्यासारखा फिरतो. चक्की बिचारी क्षणात मारुंजीकडे तोंड करायची, क्षणात माणकडे. जाणकारांचा नियम असा की शंभर मीटरच्या आत जे काही सगळ्यात उंच असेल, त्याच्याही दहा मीटर वर चक्की हवी. हिंजवडीत हे कुठे जमायचं? ब्रिटनमध्ये २००७-०८ला इमारतींवर बसवलेल्या २६ छोट्या पवनचक्क्या मोजल्या होत्या, त्यांनी सरासरी आपल्या क्षमतेच्या एक टक्काही वीज दिली नाही. त्यासुद्धा कंपनीच्या होत्या, ट्रेडमिलच्या नव्हे. उगाच नाही मोठ्या पवनचक्क्या साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर दिसतात, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, आडवं यायला काही नाही अशा जागी.

म्हणून तुमच्या सोसायटीत वीजबिल कमी करायचा विचार असेल तर सरळ सोलरकडे जा. एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला चारेक युनिट देतं आणि २०२४पासून 'पीएम सूर्यघर' योजनेत ७८ हजारांपर्यंत अनुदानही आहे.

दरम्यान सोसायटीची मीटिंग झाली. चेअरमनकाका म्हणाले, काढा. आम्ही पर्यावरणावर भाषण दिलं. ते शांतपणे म्हणाले, "बाळा, पातं तुटलं तर खाली मुलं खेळतात." घरी येऊन दादाने हिशेब केला. सेकंदाला दहा मीटरच्या वाऱ्यात आमच्या पात्याचं टोक ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जातं. आणि पीव्हीसी उन्हात ठिसूळ होतं. आम्ही त्याच रात्री चक्की उतरवली. काकांना सॉरी म्हणायला मात्र दोन दिवस लागले.

वाडीवर

यंदा मेअखेर ती सगळी वरात मामाच्या जीपमधून वाडीला गेली. घरापासून चाळीस पावलांवर उघडा उंचवटा आहे, पश्चिमेला नुसती दरी. तिथे सहा मीटरचा पाइप उभा केला, चार बाजूंनी तारेचे ताण दिले, बुडाशी बिजागरी ठेवली, म्हणजे वादळात तो आडवा झोपवता येतो. नवी पाती केली, जाड पाइपची. अर्थिंग केलं, कारण डोंगरावर लोखंड उभं करायचं म्हणजे विजेला आमंत्रण. बॅटरी भरली की उरलेली वीज गाडीच्या हेडलाइटच्या बल्बमध्ये जाळायची सोय केली.

आजी पडवीत बसून बघत होती. "आरं, येवढ्या खटाटोपात मोबाईलच भरणार व्हय?"

"मोबाईल आणि एक दिवा, आजी."

"मंग ठीक हाय. मला वाटलं गिरणी लावताय."

तिला रोज लागते ती वीज किती? मोबाईलचे पंधरा वॉट-तास, पाच वॉटचा दिवा पाच तास, म्हणजे पंचवीस. एकूण चाळीस. सहा मीटरच्या वाऱ्यात आमची चक्की पंचवीस-तीस वॉट देते. दीड तास नीट वारा आला की दिवस निघाला. जुलैत तिथे वारा दीड तास थोडाच वाहतो?

आपल्यापैकी बऱ्याच जणांना लोडशेडिंग म्हणजे लहानपणीची गोष्ट वाटते. पुण्याला तर २००६मध्ये वेगळी सूट मिळाली होती. उद्योगांनी स्वतःचे जनरेटर चालवायचे, शहराने त्यासाठी थोडा जादा आकार भरायचा आणि शहरातलं लोडशेडिंग टळायचं. मी तेव्हा लहान होते. सुट्टीत आजीकडे गेलं की कंदिलाची काच पुसायचं काम माझ्याकडे असायचं. ते काम बरीच वर्षं टिकलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वीज गेली. पहिली रात्र गेली, दुसरी गेली. मी वाकडच्या फ्लॅटमध्ये तासातासाला फोन लावत होते आणि तो प्रत्येक वेळी लागत होता. आठव्यांदा आजी वैतागली. "जित्ती हाय गं मी. कामं न्हाईत का तुला?"

तिसऱ्या रात्री फोन तिने केला, दादाला, सव्वाबाराला. तो ताडकन उठून बसला.

"आरं, तुझा पंखा रातभर घूं घूं करतोय. झोप न्हाई डोळ्याला. बंद करायचं बटन कुठं हाय?"

बटन होतं, पण मास्टच्या बुडाशी. मोटारच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडायचा तो स्विच, तो टाकला की चक्की जागच्या जागी मंदावते. पुढच्या शनिवारी दादाने चाळीस पावलांची केबल ओढून स्विच आजीच्या खाटेशी आणला. खूप मोठ्या वाऱ्यात त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही, मामाला बोलवून पाइप झोपवायचा, हे तिला तीनदा सांगितलं. आता संध्याकाळी मोबाईल भरला की ती स्विच टाकते आणि मिस्ड कॉल देते.