मनासारखे केस कापले गेले नाहीत तर?

रायपूरची चौबे कॉलोनी मराठी माणसांना परकी नाही. महाराष्ट्र मंडळाची वास्तू इथेच असल्याने गणपती असो, हळदीकुंकू असो की कुणाचा साखरपुडा, नटूनथटून निघालेल्या बायका-मुलींची वर्दळ इथे ठरलेली. अशाच एखाद्या घरातले चित्र डोळ्यांपुढे आणा. रविवारी मावसबहिणीचा साखरपुडा आहे. शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजात जाणारी मुलगी पार्लरमधून परतते, ती थेट खोलीत जाऊन दार लावून घेते.

'दीदी, बस थोडासा काटना,' एवढेच तिने सांगितले होते. पण कंबरेपर्यंतचे केस खांद्यावर आले आणि कपाळावरच्या बटा भुवयांच्याही वर चढून बसल्या.

आई दाराबाहेरून म्हणते, "मी सांगत होते ना, वेणीच बरी होती म्हणून!" बाबा वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणतात, "त्यात रडायचं काय? वाढतील की!" धाकटा भाऊ हसून हसून लोळतो. आतून उत्तर येते, "मी रविवारी येणार नाही."

दुःख नुसते केसांचे नसते

'केसच ते, पुन्हा येतील' हे खरे असले, तरी त्या क्षणी ते ऐकवत नाही. साडी आवडली नाही तर घडी करून कपाटात ठेवता येते. केस मात्र चोवीस तास डोक्यावरच असतात. शिवाय आपण विश्वासाने मान पुढे करतो आणि समोरची व्यक्ती आपले न ऐकता कात्री चालवते. 'केसाने गळा कापला' असे म्हणतात, ते इथे अगदी शब्दशः पटते!

आपल्या डोक्यावर आपल्या इच्छेविरुद्ध कात्री चालावी, हे बाईच्या मनाला किती लागते, हे महाराष्ट्राने फार कठोर रूपात पाहिले आहे. एके काळी अनेक घरांत पती वारला की पत्नीचे केशवपन केले जाई. या प्रथेविरुद्ध १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी संप पुकारला आणि विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवणार नाही, असे ठरवले. त्या यातनेशी पार्लरमधल्या चुकीची तुलना होऊच शकत नाही. पण केस बाईचे आहेत, तर त्यांचे काय करायचे हे तिला विचारावे, ही साधी गोष्ट दोन्हीकडे तीच आहे. म्हणूनच बिघडलेल्या केसांवरचा उपाय नुसता कात्रीत नाही, बोलण्यातही आहे.

पहिले दोन दिवस कात्रीला हात लावू नका

रडू येत असेल तर खुशाल रडा, पण आरशासमोर उभे राहून स्वयंपाकघरातली कात्री हाती घेऊ नका. डावी बाजू थोडी मोठी वाटते म्हणून ती कापावी, मग उजवी मोठी दिसते म्हणून ती कापावी, असे करता करता उरलेले केसही जातात. घरातल्या बोथट कात्रीने केस नीट कापले न जाता टोकाशी चिरडतात आणि पुढे तिथेच दुभंगतात.

पार्लरमधून निघताना केस ड्रायरने वळवलेले असतात. तो त्यांचा खरा आकार नव्हे. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या शांपूने केस धुवा, वाऱ्यावर वाळू द्या, नेहमीसारखा भांग पाडा आणि मग आरशात पाहा. निम्मी नाराजी कधी कधी इथेच ओसरते. केसांना आणि डोळ्यांनाही नव्या वळणाची सवय व्हायला थोडा वेळ लागतो.

नेमके काय बिघडले ते ओळखा

'सगळंच वाईट झालंय' असे म्हटले की उपाय सापडत नाही. लांबी जास्त गेली, दोन्ही बाजू असमान झाल्या, बटा आखूड झाल्या, की स्टेप्स फार वर घेतल्या गेल्या, ते कागदावर लिहून काढा.

बटा आखूड झाल्या असतील तर भांग बाजूला पाडा. ओल्या बटा तिरक्या विंचरून चिमट्याने बसवा आणि वाळल्यावर चिमटा काढा. हेअरबँड किंवा कानामागे घेतलेली बारीक वेणीही चालते. कपाळावरच्या बटांना एवढे नाक मुरडण्याचेही कारण नाही. अभिनेत्री साधना यांचे कपाळ रुंद दिसते म्हणून १९६० च्या 'लव्ह इन शिमला' या चित्रपटासाठी त्यांच्या कपाळावर बटा कापल्या गेल्या आणि पुढे देशभरच्या मुली 'साधना कट' मागू लागल्या!

स्टेप्स फार वर गेल्या असतील तर केस मोकळे सोडू नका. वरचे केस घेऊन अर्धी वेणी घाला किंवा खजुरी वेणी घालून सुटणाऱ्या बटा आकड्यांनी आत खोचा. लांबी गेली असेल तर आपल्या आज्यांच्या पेटीतले गंगावन आठवा. वेणीत मिसळायचे हे केस आज बाजारात नव्या नावांनी आणि क्लिपा लावून मिळतात. आपल्या केसांच्या रंगाशी जुळणारे गंगावन घेऊन आखूड केसांचाही छान अंबाडा होतो. त्यावर मोगऱ्याचा गजरा माळला की कुणाला शंकाही येत नाही. मात्र गंगावन घट्ट ओढून रोज बांधू नका. सततच्या ताणाने कानशिलाजवळचे केस विरळ होतात.

दोन्ही बाजू असमान असतील तर मात्र ते काम घरी करू नका. ते पार्लरचेच काम आहे.

पार्लरमध्ये सांगायला लाजू नका

'आता काय बोलायचं, पैसे देऊन झाले' असे म्हणून पुष्कळ जणी गप्प बसतात आणि पुढची दोन वर्षे त्या पार्लरच्या रस्त्याने जात नाहीत. त्यापेक्षा दोन-चार दिवसांत जाऊन शांतपणे सांगा, "डावी बाजू अर्धा इंच मोठी राहिली आहे, सारखी करून द्या." अनेक ठिकाणी एवढी दुरुस्ती पैसे न घेता करून देतात. त्याच हाताकडून पुन्हा कापून घेण्याची भीती वाटत असेल तर दुसऱ्या अनुभवी व्यक्तीकडे जा. पण जाताना 'लांबी कमी न करता फक्त आकार सुधारायचा आहे' हे आधीच बजावा.

नुकसान मोठे असेल, उदाहरणार्थ रसायनाने टाळू भाजली किंवा केस तुटले, तर लगेच फोटो काढा, पावती जपून ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. मात्र पुराव्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०१८ साली दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलाच्या सलूनमध्ये एका महिलेचे केस तिने सांगितले त्यापेक्षा फार आखूड कापले गेले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये तिला दोन कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेत त्रुटी होती हा निष्कर्ष कायम ठेवला, पण एवढी रक्कम पुराव्याशिवाय ठरवता येत नाही, असे सांगून ती रद्द केली आणि प्रकरण आयोगाकडे परत पाठवले. आपल्यासाठी त्यातला धडा साधा आहे : पावती फेकू नका.

वाढीचा हिशेब

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर, म्हणजे सुमारे अर्धा इंच वाढतात. म्हणजे एक इंच आखूड झालेली बट दोन महिन्यांत जागेवर येते. सहा इंचांसाठी वर्ष लागते. हा हिशेब कॅलेंडरवर मांडून ठेवला की 'कधी वाढणार?' हा प्रश्न छळत नाही.

ही गती दुप्पट करणारे तेल कोणत्याही बाटलीत नाही. तेलाने केस मऊ राहतात, कमी तुटतात आणि त्यामुळे लांबी टिकते, एवढा फायदा नक्की. 'वरचेवर कापले की दाट येतात' हाही गैरसमजच. केस मुळाशी, त्वचेच्या आत तयार होतात. टोकाला काय झाले, ते मुळाला कळत नाही! जाहिरात पाहून बायोटिनच्या गोळ्या सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. शरीरात कमतरता नसेल तर त्यांचा उपयोग होतो असे दिसलेले नाही. शिवाय त्यांमुळे थायरॉइडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात.

आखूड केस लपवण्यासाठी घाईने ते सरळ करून घेणेही टाळा. अशा काही रसायनांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू निघतो. त्याने डोळे आणि घसा जळजळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरले आहे.

आणखी एक गोष्ट. केस कापल्यावर ते विरळ दिसू लागले, तर दोष दर वेळी कात्रीचाच नसतो. मोठा ताप किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस जास्त गळतात आणि बहुधा काही महिन्यांत पुन्हा येतात. पण टाळूवर गोल चकती पडली किंवा गळणे थांबतच नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

घरच्यांनी काय बोलावे?

'मी सांगितलं होतं' हे वाक्य खरे असले तरी त्या दिवशी गिळून टाकावे. 'वाढतील की' हेही घाईने बोलू नये. त्यापेक्षा 'तुला वाईट वाटतंय ना? दाखव बघू, काय करता येईल' असे म्हणावे. मुलगाही यातून सुटत नाही. न्हाव्याने मशीन जास्त फिरवली की वर्गात 'टकल्या' म्हणून हाक मारतात आणि दहा वर्षांचा मुलगा शाळेला जायला नाही म्हणतो. त्याला 'मुलासारखा मुलगा, केसांसाठी रडतोस?' म्हणून गप्प करू नये. चार दिवस टोपी घालून खेळायला जाऊ द्यावे आणि मित्रांना द्यायचे एखादे मिश्कील उत्तर शिकवावे.

आठवडे उलटूनही कुणी घराबाहेर पडायला तयार नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर प्रश्न केसांपुरता उरलेला नाही असे समजावे. अशा वेळी समुपदेशकाशी बोलावे. 'टेलि-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करूनही मदत मिळते.

पुढच्या वेळी 'थोडे' म्हणू नका

बहुतेक घोटाळ्यांचे मूळ 'थोडे' या शब्दात आहे. तुमचे थोडे म्हणजे अर्धा इंच, कापणारीचे थोडे म्हणजे चार इंच. 'दोन बोटे' म्हटले तरी बोटे कुणाची, हा प्रश्न उरतोच! म्हणून कुठवर कापायचे ते स्वतःच्या हाताने केस धरून दाखवा. हवा तसा फोटो न्या, आणि नको तसाही न्या. घरात मराठी आणि पार्लरमध्ये हिंदी बोलणाऱ्यांनी तर बोलण्यापेक्षा दाखवण्यावरच भर द्यावा.

ओले केस ताणले जाऊन लांब दिसतात आणि वाळल्यावर वर चढतात. कुरळे केस तर फारच वर जातात. म्हणून बटा नेहमी हव्या त्यापेक्षा बोटभर लांब ठेवायला सांगा. पहिली बट कापली की थांबवून आरशात पाहा. 'रुकिए, इससे ज्यादा नहीं' एवढे म्हणण्यात उद्धटपणा नाही. आणि समारंभाच्या दोन दिवस आधी नवा प्रयोग करू नका. निदान तीन आठवडे आधी कापा, म्हणजे चूक सुधारायला वेळ राहतो.

आता पुन्हा चौबे कॉलोनीतल्या त्या बंद दाराशी येऊ. शनिवारी सकाळी आई चहाचा कप घेऊन दार ठोठावते. "कालचं माझं बोलणं चुकलं ग," ती म्हणते. "धू केस, मग दोघी मिळून बघू." आजी आपल्या पेटीतून आकडे काढून देते. आधी बटा बाजूला वळवल्या जातात, मग मागे छोटासा अंबाडा बसतो. मुलगी आरशात वळून वळून पाहते. केस अजून तिला आवडलेले नसतात. पण रविवारी ती साखरपुड्याला निघते आणि जाता जाता आईला म्हणते, "पुढच्या वेळी तूही चल. मी थांबवायला विसरले तर तू थांबव."

केस यथावकाश वाढतीलच. तोवर घरात असे चार शब्द बोलले गेले, तर वाट पाहणे सोपे होते.