एकच प्रथिन, दोन पोटे

गुरुग्रामच्या मंडईत भरताची वांगी निवडणारा ग्राहक असो किंवा जळगावचा वांगी उत्पादक, दोघांनाही एक शंका हमखास पडते: अळीचा जीव घेणारे बीटी जैविक कीटकनाशक भाजीवर फवारले, तर ती खाणाऱ्या माणसाचे काय? याचे उत्तर बऱ्याच अंशी पचनसंस्थेत सापडते.

माणसाच्या जठराच्या स्नायूमय भिंती अन्न घुसळतात आणि त्यात जठररस मिसळतात. या रसातील हायड्रोक्लोरिक आम्लामुळे रिकाम्या जठराचा सामू साधारणतः १.५ ते ३.५ असतो. तीव्र आम्लात प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि पेप्सिन हे विकर त्यांचे तुकडे करते. जठराची स्वतःची भिंत मात्र श्लेष्माच्या थरामुळे सुरक्षित राहते.

पतंगवर्गीय किडींच्या अळीचे पोट याच्या नेमके उलट असते. तिच्या मध्य आतड्यातील रस अल्कधर्मी असून त्याचा सामू बहुधा ९ च्या वर असतो. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी, या जिवाणूतील प्रथिनांचे स्फटिक त्या रसात विरघळतात. अळीचीच पाचक विकरे त्यांना विषारी रूप देतात. हे विष आतड्याच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहींना चिकटते, पेशींना छिद्रे पडतात, अळीचे खाणे थांबते आणि दोन-तीन दिवसांत ती मरते. माणसाच्या जठरात पेप्सिन याच प्रथिनाचे तुकडे करते. शिवाय मानवी आतड्यात ते ग्राही आढळत नाहीत.

पचनाचा हा मुद्दा महत्त्वाचा असला, तरी जनुकीय पिकांच्या वादातला तो एकमेव मुद्दा नव्हे. जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्याला केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. त्या वेळी सुरक्षिततेच्या स्वतंत्र चाचण्यांबरोबरच वांग्याच्या जैवविविधतेचा प्रश्नही पुढे आला होता. बांगलादेशाने २०१३ मध्ये या वांग्याला मान्यता दिली.

शेतकऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा जिवाणू प्रथम आढळला तो १९०१ मध्ये जपानमध्ये, शिगेताने इशिवाता यांना, रोगाने मेलेल्या रेशीम कीटकांत. रेशीम कीटकाचे आतडेही अल्कधर्मीच असते. त्यामुळे माणसाला सुरक्षित असलेले बीटी तुतीच्या पानांवर उडाले, तर रेशीम उत्पादकाचे मोठे नुकसान होऊ शकते. मराठवाड्यात कापूस, तूर आणि तुती शेजारी-शेजारी असतात. तेथे वाऱ्याची दिशा पाहून आणि शेजाऱ्याला पूर्वकल्पना देऊनच फवारणी करावी.

बीटी पोटात गेल्यावरच काम करते. म्हणून अळ्या लहान असताना पानांच्या दोन्ही बाजू भिजतील अशी फवारणी करावी. प्रखर उन्हात त्याचा प्रभाव लवकर ओसरतो, त्यामुळे सायंकाळची वेळ निवडावी. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या तरी लगेच रासायनिक कीटकनाशकाकडे वळू नये. त्यांनी खाणे थांबवले आहे का, हे आधी पाहावे.