बोअरला पाणी लागलं! पण किती दिवस?

कॉलनीत बोअरला पाणी लागलं की काय आनंद होतो, नाही का? कुणी नारळ फोडतं, कुणी पेढे वाटतं. मग चार-पाच उन्हाळे जातात. नळाची धार करंगळीएवढी होते, मोटर नुसतीच घरघरते आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव होतो, "आणखी खोल जाऊ या." या मीटिंगला बहुतेक घरांतून पुरुष मंडळीच जातात. पहाटे पाणी भरायला उठायचं आपण, आणि ते आणायचं कुठून हे ठरवायचं त्यांनी! तेव्हा मैत्रिणींनो, जमिनीखाली काय चाललंय ते आपणही समजून घेतलेलं बरं.

आपली समजूत अशी, की खाली कुठंतरी मोठं तळं आहे आणि नळी तिथवर पोचली की झालं. महाराष्ट्रात तरी तसं नाही. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेला. आपले पाटे-वरवंटे याच दगडाचे. पाट्यावर तांब्याभर पाणी ओतून बघा, जिरतं का? जे काही पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. खोल जावं तसतशा भेगा कमी. म्हणून ८०० फुटांचं बोअर घेतलं म्हणजे नवं पाणी सापडलंच असं नाही; कितीदा तरी शेजारच्या विहिरीचंच पाणी खाली ओढलं जातं!

एके काळी हेच यंत्र वरदान होऊन आलं होतं, हेही सांगायला हवं. १९७२ च्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या, तेव्हा गावोगाव बोअर घेतले गेले. पण त्यावरचे ओतीव लोखंडाचे हापसे भराभर मोडत. जालना आणि सोलापूरकडे खटपट्या माणसांनी पोलादी, टिकाऊ हापसे बनवले आणि सोलापूरच्या हापशावरूनच पुढे 'इंडिया मार्क २' हा जगभर गेलेला पंप तयार झाला. किती बायकांची पायपीट वाचली असेल! पण हापशाला एक मर्यादा होती: हात दुखले की उपसा थांबायचा. विजेच्या मोटरीचे हात दुखत नाहीत.

आज भारत जमिनीखालून जितकं पाणी उपसतो, तितकं अमेरिका आणि चीन मिळूनही उपसत नाहीत. जगाच्या उपशाचा जवळजवळ चौथा हिस्सा आपला एकट्याचा. यात आपल्या धुण्याभांड्यांचा वाटा लहानच, मोठा वाटा शेतीचा. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानेच नोंदवलंय, की महाराष्ट्रात जेमतेम चार टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी पितो. चहात साखर घालताना मला हे हटकून आठवतं.

त्यात पाऊसही पूर्वीसारखा राहिलेला नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या मुलखावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले. झिमझिम पाऊस मुरतो. धो धो पाऊस गटारातून नदीला आणि तिथून समुद्राला. वर अंगणात फरशी, पार्किंगला काँक्रीट. मुरणार कुठं?

या सगळ्याचा शेवट काय होऊ शकतो, ते लातूरने २०१६ मध्ये पाहिलं. मांजरा धरण आटलं, पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी करायला बंदी झाली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. एवढं मोठं शहर, आणि पिण्याचं पाणी आगगाडीनं!

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस नको म्हटलं, आणि पावसाळा संपला की गावाच्या पाण्याचा जमाखर्च मांडून मगच पिकं ठरवायची असा रिवाज पाडला. आपण महिन्याचा खर्च मांडतो ना, अगदी तस्सं!

आता आपल्या घरापुरतं. खोल बोअरचं पाणी पिण्याआधी तपासून घ्याच. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे पाणी जड असल्याचं लक्षण आपण ओळखतो. पण फ्लोराइड ना दिसतं, ना चवीला कळतं. यवतमाळ-चंद्रपूरकडे त्यापायी लोकांचे दात आणि हाडं खराब झाली आहेत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, बरं का! भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी करून मिळते. घरात आरओचं मशीन असेल, तर त्यातून वाया जाणारं पाणी बादलीत धरा. लादी पुसायला, संडासात टाकायला ते छान चालतं.

आणि पुढच्या मीटिंगला स्वतः जा. जाताना हा हिशेब कागदावर मांडून न्या: एक हजार चौरस फुटांची गच्ची आणि वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे सुमारे ५६ हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे साडेपाच टँकर! यातलं थोडं उडून जाईल, पहिल्या पावसाचं गच्ची धुतलेलं पाणी सोडूनही द्यावं लागेल. उरलेलं खडी-वाळूच्या गाळणीतून आटलेल्या बोअरमध्ये सोडता येतं. संडासाची टाकी मात्र जवळ नको. नवं बोअर खणण्याच्या आणि या कामाच्या खर्चाची कोटेशनं शेजारी शेजारी ठेवायला सांगा. काम करायचंच ठरलं तर मे महिन्यात उरकून घ्या, कारण एकदा जूनचा पाऊस लागला की गवंडी मिळत नाही.