आधी व्होल्ट मोजा, मग बल्ब बदला

हेडलाईटचा उजेड मंद वाटू लागला की आपल्याकडे दोनच उपाय सुचतात. एक तर बल्ब नवा टाकायचा, नाहीतर जास्त वॅटचा टाकायचा. बल्ब ठणठणीत आहे पण त्याच्यापर्यंत वीजच पुरेशी पोचत नाही, ही तिसरी शक्यता सहसा कोणी तपासत नाही. महाड-पोलादपूर भागात तर ती सगळ्यात आधी तपासायला हवी. इथे पावसाचे चार महिने बोनेटखाली ओल सुकत नाही. सावित्रीकाठच्या सव गावापासून पोलादपूरच्या वरच्या वाड्यांपर्यंत गाड्या उघड्यावरच उभ्या असतात. जुलै २०२१च्या महापुरात महाड शहरातल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, सीट वाळवल्या जातात, पण वायरिंगच्या प्रत्येक कपलरमध्ये शिरलेला चिखल आणि ओल कोणी एकेक करून काढत नाही. पितळेच्या पिनांवर हिरवट काट चढतो, बॉडीला बोल्टने कसलेल्या अर्थिंगच्या वायरखाली गंज धरतो आणि विजेच्या वाटेत एक छोटासा अडथळा तयार होतो.

हा अडथळा दिसायला क्षुल्लक असतो, परिणाम मात्र मोठा करतो. साध्या हॅलोजन हेडलाईटमध्ये, म्हणजे ६०/५५ वॅटच्या एच-४ बल्बमध्ये, टंगस्टनची तार सुमारे ३,००० केल्विनपर्यंत तापते. तरीही तिच्या ऊर्जेचा बहुतेक भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतच जातो. तापमान जरा उतरलं की दिसणाऱ्या प्रकाशाचा आधीच तुटपुंजा असलेला वाटा झपाट्याने आक्रसतो. म्हणून व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं तर उजेड १० नव्हे, जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. आता हिशेब करू. बल्बला १३ व्होल्ट मिळायला हवेत आणि मिळतात ११.७. डिपरच्या तारेतून साडेचार अँपिअरच्या आसपास वीज वाहते, त्यामुळे एवढी घट व्हायला पाव ओहमहून किंचित जास्त रोध पुरतो. काट धरलेल्या एखाद्या पिनेत तो सहज सापडतो. हरवलेल्या उजेडाची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत असल्याने, पूर्वी ६० मीटरवर जितका उजेड पडायचा तितका आता ५० मीटरवरच पडतो. ओल्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबायला, चालकाचा दीड सेकंदाचा प्रतिसाद धरून, साधारण ६० मीटर लागतात. अंबेनळी घाटाच्या वळणांवर एवढा वेग कोणी ठेवत नाही, पण चौपदरी महामार्गावर तो संथच समजला जातो. काट धरलेल्या पिनेने खाल्लेले ते १० मीटर म्हणजे समोरच्या म्हशीच्या अलीकडे थांबणं आणि न थांबणं यातला फरक.

दोष शोधायला दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. फक्त मोजण्याची पद्धत चुकता कामा नये. बल्ब काढून रिकाम्या कपलरमध्ये मीटरच्या सुया घातल्या तर बॅटरीइतकेच व्होल्ट दिसतात आणि वायरिंग निर्दोष ठरवून माणूस मोकळा होतो. पण त्या वेळी तिथून वीज वाहतच नसते, आणि वीज वाहिल्याशिवाय रोध व्होल्ट खात नाही. म्हणून बल्ब जोडलेला हवा, इंजिन चालू हवं, डिपर पेटलेला हवा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आकडा घ्यायचा. मग कपलरच्या मागच्या बाजूने, वायर जिथे पिनेत शिरते तिथे सुया टेकवून दुसरा आकडा घ्यायचा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त तफावत असेल तर बल्बला दोष देण्यात अर्थ नाही. अशा वेळी एक सुई बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरी बल्बच्या अर्थिंगच्या वायरवर ठेवावी. तिथे शून्याच्या आसपास आकडा यायला हवा. तो अर्धा-एक व्होल्ट आला तर गुन्हेगार सापडला. बॉडीवरचा तो बोल्ट सोडवून पॉलिश पेपरने धातू चकचकीत करायचा, पुन्हा कसायचा आणि वरून थोडं ग्रीस लावायचं. खर्च जवळजवळ शून्य.

तफावत नसेल, तर मात्र बल्ब खुशाल बदलावा. हे काम घरी करण्यासारखंच आहे. गाडी बंद करून बल्ब गार होऊ द्यावा, कपलर ओढून काढावा, रबराचं बूट सोडवावं, स्प्रिंग क्लिप बाजूला सारावी. नव्या बल्बच्या चकतीला तीन कान असतात आणि ते एकाच पद्धतीने बसतात, म्हणून जोर लावायची वेळ आली तर तो चुकीचा बसतोय असं समजावं. काचेला बोट लावू नये हा नियम अंधश्रद्धा नाही. आतला हॅलोजन वायू उडालेलं टंगस्टन पुन्हा तारेवर आणून बसवतो, पण त्यासाठी काच अडीचशे अंशांहून जास्त तापलेली असावी लागते. बोटाचा तेलकट, खारट डाग त्या तापमानाला क्वार्ट्झमध्ये भाजला जातो आणि तिथून काच कमकुवत होते. रबराचं बूट परत नीट बसवणं कोकणात विशेष महत्त्वाचं. ते फाटलेलं असेल तर पुढच्या श्रावणात परावर्तकावर बुरशी ठरलेली.

यावर नेहमीचा आक्षेप असा की एवढी खटपट कशाला, १००/९० वॅटचा बल्ब टाकला की प्रश्न मिटला. मिटत नाही, चिघळतो. वीज वाढली की त्याच काट धरलेल्या पिनेत व्होल्टही जास्त पडतात आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. पूर्वी तिथे ६ वॅट जळत होते, आता १५ जळतात. काळा पडून वितळलेले कपलर गॅरेजात दिसतात त्यामागे बऱ्याचदा हेच गणित असतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एलईडी बल्ब वीज कमी खातो, मग काटाचा प्रश्न आपोआप हलका होतो, असं म्हणता येईल. विजेपुरतं ते खरं आहे. पण एच-४च्या डिपर तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती परावर्तकाच्या खालच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडू देत नाही, म्हणून झोताला वर स्पष्ट कड येते. ही कड डावीकडे थोडी उचललेली असते, ज्यामुळे आपल्या बाजूची साईडपट्टी दिसते आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही. सगळी रचना मिलिमीटरच्या हिशेबाने त्या तारेच्या जागेवर बेतलेली असते. त्याच घरात दोन बाजूंना चिप असलेला एलईडी बसवला की प्रकाशाचा उगम हलतो, कड फिस्कटते आणि झोत वर उधळतो. काशेडी घाटाच्या धुक्यात हा वर गेलेला प्रकाश पाण्याच्या कणांवरून उलट चालकाच्याच डोळ्यांत येतो. पांढराशुभ्र उजेड भरपूर, आणि रस्ता मात्र दिसत नाही. कंपनीने मुळातच एलईडीसाठी घडवलेला दिवा उत्तम असतो, हे वेगळं सांगायला नको.

घरच्या दुरुस्तीची हद्दही सांगायला हवी. झेनॉन दिवा पेटताना त्याचा बॅलास्ट २० हजार व्होल्टच्या पलीकडचा झटका देतो. तिथे मल्टिमीटर घेऊन हात घालू नये, ते काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनचं. नव्या गाड्यांत एलईडीचा संपूर्ण दिवाच सीलबंद असतो, तिथेही घरी करण्यासारखं फारसं उरत नाही. पण इथल्या पिकअप, जीप आणि जुन्या कार अजून हॅलोजनवर चालतात.

दुरुस्तीनंतर गाडी सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करून झोताची कड पाहावी. ती दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनाही झोत खाली वळलेला आणि समोरच्याला न दिपवणारा हवा आहे. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते, ती याचसाठी. गणपतीला मुंबईहून माणसं आणि सामान भरून निघालेल्या गाडीचा मागचा भाग दबतो, नाक वर होतं आणि डिपरसुद्धा समोरच्याला अप्परसारखा लागतो. तेव्हा निघण्यापूर्वी ती चकती गाडीतल्या ओझ्याप्रमाणे फिरवून घ्या.