मढीचा बाजार, चौथीचा वर्ग

सकाळी साडेनऊ. पाथर्डीच्या पेठेतून सुतळी आणि फेविकॉल घेऊन निघाले. विशेष शिक्षिका म्हणून तालुक्यातल्या शाळा मी फिरते. आज चौथीची पोरं मढीच्या यात्रेतला गाढवांचा बाजार काढणार आहेत, सगळी मिळून एकच चित्र.

साडेदहा. चार बाकडी जोडून वर कार्डशीट चिकटवली. जमिनीवर मांडली असती, तर व्हीलचेअरवरच्या मुलाचा हात पोचला नसता. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेत. आजोबा मोटारसायकलवर सोडून जातात. सेरेब्रल पाल्सीमुळे बारीक ब्रश त्याच्या मुठीत टिकत नाही. दांड्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की टिकतो.

अकरा. ज्याला ऐकू येत नाही, तो गाढवं काढतो. वर्गात त्याच्याइतकी नजर कुणाची नाही. बाकीचे त्याच्या रेघांवर सुतळी चिकटवतात. मग दृष्टिहीन मुलगी सुतळीवरून बोटं फिरवते आणि थांबते. "बाई, कान लईच बारके झालेत." मढीला तिनं गाढवाचे कान हातात धरून पाहिलेत. फेविकॉल ओलाच होता. सुतळी उचलून कान लांबवले. तिचं बोट फिरल्याशिवाय आता कुणी रंगाला हात लावत नाही.

एक वाजता खिचडी. गोंगाट आणि बोटांना लागलेला चिकट गोंद ज्याला सोसत नाही, तो स्वमग्न मुलगा ओसरीवर बसून कागद फाडतो. तुकडे अगदी एकसारखे! गाढवांची अंगं त्यांनीच भरायची आहेत.

दोन. चित्रातले गर्भगिरीचे डोंगर व्हीलचेअरवाल्याकडे. शेजारची मैत्रीण मायेनं त्याचा हात धरून रंगवू लागते. मी तिला थांबवते. या मदतीत डोंगर तिचे होतात, त्याचे राहत नाहीत. "तू फक्त रंगाची वाटी धर," म्हटल्यावर तिलाही पटतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, कला सुगम करण्याची तरतूदही आहे. ती वर्गात उतरते ती अशा वाटी धरण्यातून.

साडेतीन. चित्राला काचेची फ्रेम करून वर टांगू, असं एका सरांनी आपुलकीनं सुचवलं. मी म्हटलं, काच नको, बोटांना सुतळी लागली पाहिजे. खिळा व्हीलचेअरच्या उंचीवर ठोकायचाय, आणि रेवडीची दुकानं अजून राहिलीत. ती कुठं मांडायची यावरून पोरांची भांडणं चाललीत.